गिअर टाकायचा नाही

ताईच्या गॅरेजात उभी असलेली ती लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार तिची नव्हती. धाकट्या भावाची होती. परदेशी निघताना त्यानं किल्ली ताईच्या हातावर ठेवली आणि बजावलं, "दर रविवारी सुरू करायची, पण गिअर टाकायचा नाही. पहिली चक्कर मी आल्यावर, आपण दोघं."

त्याला इतकी वर्षं लोटली, की ताईनं मोजणं सोडून दिलं. गाडीची बडदास्त मात्र जावयासारखी चालू होती. वापर नसला तरी वर्षाला ऑइल बदलायचं, टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून गाडी हातभर ढकलायची, दारांची रबरं पुसायची, बॅटरी चार्ज करायची. बाई शिवणकाम करणारी. उसवायच्या आधीच टाका घालायची सवय. नवरा कुरकुरायचा, "माझ्या गुडघ्यांना कधी तेल लावलंस का?"

"तुमचे पार्ट अजून बाजारात मिळतात," ताई म्हणायची.

रविवारी भावाचा फोन यायचा. ताई इंजिन सुरू करून फोन बॉनेटवर धरायची. तिकडून तो कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "जरा जास्त पेट्रोल ओढतेय गं." आणि मग, "पुढच्या वर्षी नक्की येतो." हळूहळू फोन दर रविवारी येईनासा झाला. ताई इंजिन सुरू करून, फोन मांडीवर घेऊन बसायची. त्याचा आवाज ऐकायला तिचा जीव तुटायचा.

यंदा मेकॅनिकनं ऑइलचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. झाकणाला आतून सायीसारखा थर होता.

"ताई, हे काय करून ठेवलंत?"

"मी? मी एक रविवार चुकवला नाही!"

"तेच तर. उभ्या उभ्या इंजिन पुरतं तापत नाही. आतला ओलावा आतच राहतो, ऑइलमध्ये मिसळतो, गंज धरतो. नवं ऑइल घालतो, पण आता हिला रस्त्यावर काढा. चांगली तापेपर्यंत पळवा. नाहीतर भाऊ येईल तेव्हा इंजिन खोलावं लागेल."

शब्द राखावा तर गाडी जाणार, गाडी राखावी तर शब्द. विचारायला म्हणून ताईनं भावाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यानंतरच्या रविवारी तिनं गॅरेजचं दार उघडलं आणि गिअर टाकला.

गावाबाहेरचा रस्ता मोकळा होता. शेजारच्या सीटच्या पट्ट्याचं बकल दारावर आपटू नये म्हणून तिनं तो रिकाम्या सीटवरच लावून टाकला होता. तापमानाचा काटा मध्यावर आला, इंजिनाचा घसा मोकळा झाला. ताईला हसू आलं. ते दाखवायला तिनं शेजारी पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं गाडी कडेला घेतली आणि सवयीनं फोन बॉनेटवर धरला. मग कानाला लावला.

"ताई, ही तापलीये. बाहेर काढलीस?"

"हो. चालवली मी."

लहानपणी त्याच्या सायकलला कुणी बोट लावलं तर तो घर डोक्यावर घ्यायचा. ताईनं डोळे मिटले. ओरड, तिला वाटत होतं. एकदा चांगला ओरड माझ्यावर.

"बरं केलंस गं," तो मायेनं म्हणाला. "उगाच उभी राहून सडली असती. आता तूच वापर."

"हो," ताई म्हणाली. आणखी काय म्हणणार? यायचं असतं तर तो भांडला असता.

फोन ठेवल्यावर तिनं शेजारच्या सीटचा पट्टा सोडला आणि गाडी वळवली. घर येईपर्यंत बकल दारावर आपटत राहिलं.