पर्सीचा लाल दिवा

ग्लेंडाने पिशवीतून जळून गेलेला लाल दिवा काढला, काउंटरवर ठेवला आणि "असाच दे" म्हणून दोन्ही हात तिथेच टेकले. शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळपासून उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडले होते.

साप-सरड्यांच्या त्या दुकानातली टॅन्झी, केस हिरवे पण स्वभावाने गरीब, दिवा हातात फिरवत राहिली.

"हे आम्ही ठेवायचे बंद केलेत, काकू. कुणासाठी हवाय?"

"आमच्या पर्सीसाठी. लहान जातीचा अजगर आहे. लाल उजेड त्यांना दिसत नाही ना, म्हणून."

"दिसतो," टॅन्झी हळूच म्हणाली. "पूर्वी सगळे तसंच सांगायचे. दिवसा पांढरा उजेड हवा आणि रात्री मिट्ट काळोख. उबेसाठी उजेड न देणारा हीटर मिळतो. रात्रभर दिवा असला की बिचारे बाहेरच पडत नाहीत. किती दिवस लावताय हा?"

"चौदा वर्षं."

टॅन्झी मागच्या फळीकडे वळली. तिने पांढऱ्या उजेडाची नळी आणि हीटर काढून दिला आणि जोडायचं कसं ते दोनदा समजावलं. ग्लेंडाने दोन्ही वेळा मान हलवली. तिच्या डोक्यात एक अक्षर शिरलं नव्हतं.

बार्न्सलीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तिला भडभडून आलं. पर्सी शॉनचा, तिच्या मुलाचा. शॉन मोटारसायकलवरून स्कॉटलंडला निघाला तेव्हा पर्सीच्या काचेच्या पेटीवर कागद चिकटवून गेला होता: उंदीर कधी, पाणी कधी, लाल दिवा रात्रंदिवस, विझवू नये. आठ दिवसांसाठी लिहिलेला कागद. परतीच्या वाटेवर कार्लाइलजवळ शॉन अपघातात गेला आणि ग्लेंडाने त्या कागदावरचा शब्दही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पोराचं तेवढंच तर तिच्या हातात उरलं होतं. आणि त्याच हातांनी तिने एका मुक्या जीवाला चौदा वर्षं छळलं होतं.

घरी तिचा नवरा डेरेक कोचावर पेपर घेऊन बसला होता. पर्सीला तो 'पट्टा' म्हणायचा. पेटीकडे तो कधी ढुंकून बघत नाही, अशी ग्लेंडाची खात्री होती.

"मिळाला का पट्ट्याचा दिवा?"

ग्लेंडाने कोटही न काढता सगळं सांगितलं.

डेरेकने पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"रात्रीचा नसायचाच तो," तो म्हणाला.

"काय नसायचा?"

"दिवा. तू वर झोपायला गेलीस की मी विझवायचो."

"कधीपासून?"

"शॉनला पुरून आलो त्या दिवसापासून. त्याच्या खोलीच्या दाराखालून यायचा ना लाल उजेड, तोच. मला बघवेना. पट्ट्याचं भलं करायला नाही गेलो मी."

रोज सकाळी ग्लेंडा खाली यायची तेव्हा दिवा लागलेला असायचा. एक दिवसही चुकलेला नव्हता.

"मग सकाळी परत का लावायचास?"

"तू खाली आलीस की आधी तिकडेच बघायचीस."

ती कोटासकट त्याच्या शेजारी बसली. पर्सी नेहमीसारखा पेटीतल्या ओंडक्याखाली होता, शेपटीचं टोक तेवढं बाहेर. इतकी वर्षं तिने त्याला एवढंच पाहिलं होतं.

"काळोखात काय करतो रे तो?"

"फिरतो," डेरेक म्हणाला. "तासाभरात बाहेर येतो आणि सारखा फिरत असतो. मी बसतो थोडा वेळ त्याच्याजवळ."