मावशीच्या पायांतली चरबी

पाण्याचा रंग बदलायला लागला की हॉलमधली तीसेक माणसं एकदम गप्प व्हायची. फर्निचरच्या दुकानावरचा लांबट हॉल, खुर्च्यांच्या तीन रांगा, प्रत्येक खुर्चीपुढे प्लास्टिकचा टब, टबात पाय आणि पायांच्या मध्ये वायर लावलेली एक डबी. पाच मिनिटांत पाणी पिवळं, पंधरा मिनिटांत तपकिरी आणि वर मळकट फेस. मग कुणीतरी हमखास हात जोडायचं.

"बघून घ्या," यकृतगुरू रांगांमधून फिरत म्हणायचे. "तपकिरी दिसतेय ती यकृतावरची चरबी. फेस आहे तो आतड्यांतला. आणि ताई, तुमच्या टबात हे काळे कण आहेत ना, तो साठलेला राग."

साठलेला राग तळपायांतून बाहेर पडतो आणि त्याला गंजलेल्या खिळ्यांचा वास येतो, हे ज्ञान मला त्या हॉलमध्ये झालं.

पुढचा चमत्कार भिंतीजवळ होता. तिथे अंगातल्या चरबीची टक्केवारी दाखवणारा वजनकाटा ठेवलेला. येताना त्यावर कोरड्या पायांनी उभं राहायचं आणि टबातून निघाल्यावर तसंच ओल्या पायांनी. पाय पुसायचे नाहीत, पुसले तर ऊर्जा जाते. आधी चौतीस, नंतर एकोणतीस. पट्ट्याचं भोक तेच, पण आकडा पाचाने खाली. पुढच्या रविवारी पुन्हा चौतीस दिसले की गुरू म्हणत, "आठवड्यात खाल्लंत तुम्ही." लोक माना खाली घालत. खाल्लं तर सगळ्यांनीच होतं.

माझा दादा तिथे आठ वेळा जाऊन आला होता.

"आठ बैठका, दर बैठकीला पाच," तो मला ऐकवायचा. "चाळीस टक्के चरबी गेली."

"दादा, अंगात चौतीसच होती ना? मग आता तू उणे सहा आहेस."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोडी काढायची असते."

आमचं शिलाईचं दुकान आहे. दादा मापं घेतो आणि कापतो, मी वहीत मापं लिहिते. दुकानाची एक जुनी रीत आहे. सुटलेल्या पोटाच्या गिऱ्हाइकाला खरा आकडा ऐकवायचा नाही. दादा मोठ्याने "अडतीस" म्हणतो आणि हातातला खडू टेबलावर दोनदा वाजवतो. मी चाळीस लिहिते. गिऱ्हाईक खूश होतं आणि पँटही बसते. सव्वीस वर्षं लोकांना असे गोड आकडे ऐकवणारा माणूस स्वतः एका गोड आकड्याला भुलला, याचा मला सगळ्यात जास्त संताप होता.

दादा जाडा नाही. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, आणि मधे शर्टाआड उशी लपवल्यासारखं पोट. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली, रक्तात साखर निघाली, तेव्हा तो डॉक्टरीणबाईंशीच वाद घालत बसला. "पंधरा वर्षं माझं वजन बासष्टच आहे."

"आकडा तोच आहे, पण आतला माल बदललाय," बाई म्हणाल्या. "हातापायांचं मांस झिजलं आणि पोटात चरबी साठली. साधा काटा दोन्हींची बेरीज दाखवतो, म्हणून तुम्हाला कळलं नाही. गोळ्या घ्या, रोज चाला, गोड आणि दारू सोडा, कंबर उतरवा. नाहीतर हेच यकृत हळूहळू निबर होत जातं."

म्हणजे तोंड बंद ठेवा आणि पाय चालवा. गुरूकडे खुर्चीत बसून काम होत होतं. वर त्यांनी सांगितलं, "साखरेच्या गोळ्या बंद करा. गोळ्यांनी यकृताची दारं मिटतात." दादाने बंद केल्या. महिन्याभरात तो तांब्यावर तांबे पाणी प्यायला लागला, सारखा उठून बाथरूमला जायला लागला. एके दिवशी त्याने एका कोटाची बाही वाकडी कापली. जन्मात पहिल्यांदा. "रेघ धूसर दिसली गं," म्हणाला आणि खाली बसला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तिनेच हौसेने त्याला पहिल्यांदा त्या हॉलमध्ये नेलं होतं.

पुढच्या रविवारी मी मावशीला घेऊन हॉल गाठला.

मावशी म्हणजे आमच्या दुकानाच्या काचेत खुर्चीवर बसलेली फायबरची बाई. तिला लांब मोजे घातले, डोक्यावरून शाल ओढली, आणि आमच्या इस्त्रीवाल्या काकांनी तिला उचलून जिना चढवला. "आजारी आहे, बोलत नाही, उभंही राहवत नाही," मी सांगितलं आणि तिला मागच्या रांगेत बसवली. दादा आणि वहिनी पुढच्या रांगेत, आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"मोजे काढा," गुरूंचा मदतनीस म्हणाला.

"लाजते ती."

गुरू लांबूनच उदार झाले. "असू दे. आमचं यंत्र मोज्यांतूनही ओढतं."

टबात पाणी आलं, चिमूटभर पांढरी पूड पडली, बटण दाबलं गेलं. वीस मिनिटांनी मावशीचं पाणी हॉलमध्ये सगळ्यांत गडद होतं. गुरू वाकून बघत म्हणाले, "अरेरे. ह्यांचं यकृत तर कडेलोटाला आलंय. दहा बैठका लागतील."

मी तिच्या डोक्यावरची शाल काढली. मावशी रंगवलेल्या डोळ्यांनी गुरूंकडे बघत होती.

आधी कुणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेतल्या एका आजी खुदकन हसल्या.

"हिला यकृत नाही," मी म्हणाले. "आत पोकळ आहे, वाजवून बघा."

इस्त्रीवाले काका डबी पाण्यातून काढून सगळ्यांना दाखवत होते. "आत लोखंडाच्या पट्ट्या आहेत. पूड म्हणजे मीठ. मिठाच्या पाण्यात लोखंड घालून वीज सोडली की ते भराभर गंजतं, फेस येतो. पाय घाला नाहीतर नका घालू. माझा जन्म इस्त्र्या दुरुस्त करण्यात गेला, हा गंज मी ओळखतो."

"पण आकडा?" दादा उठला. "आकडा उतरतो तो?"

"टबातून निघ आणि काट्यावर चढ." तो चढला. एकोणतीस. "आता उतर." मी पंचा घेऊन त्याचे पाय खसाखसा पुसले, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि काट्याची पाटीही पुसली. "चढ." चौतीस. "आता पुन्हा पाय बुडव." एकोणतीस.

काटा तळपायांतून बारीकशी वीज सोडतो. ती अडखळत गेली तर चरबी जास्त, सहज गेली तर कमी, असा अंदाज बांधतो. खारट पाण्याने ओले झालेले पाय विजेला वाट मोकळी करून देतात, आणि बिचारा काटा फसतो. आठ रविवार माझ्या भावाच्या अंगातून गेलं ते एवढंच, पायांवरचं पाणी. तेही घरी जाईपर्यंत वाळायचं.

"पंच्याने ऊर्जा पुसली गेली," गुरू म्हणाले. अजूनही दोघातिघांनी माना डोलावल्या. एक गृहस्थ माझ्यावर डाफरले, "बाई, मला बरं वाटतं, तुमचं काय जातं?" माझं काय जातं ते दादाच्या रूपाने खाली मान घालून चपला शोधत होतं. पंधरा दिवसांनी ऐकलं की गुरू दुसऱ्या गावी गुडघ्यांतला वात काढताहेत, त्याच डब्यांनी. लाज हा प्रकार मिठाच्या पाण्यातही सुटत नाही.

हॉलमधून आम्ही दुकानात आलो. दादाला टेबलासमोर उभा केला, बेंबीच्या रेषेत टेप लावला. एवढ्या वर्षांत वहीत त्याचं पान नव्हतं. स्वतःच्या पँटींना तो नाडी घालायचा, त्यामुळे मापाची गरजच पडली नाही.

"साडेएकेचाळीस," मी मोठ्याने म्हणाले. पलीकडच्या मशीनवरच्या बायकांनाही ऐकू गेलं.

"खडू तरी वाजव," तो पुटपुटला.

"वाजवणार नाही. खरा आकडा आहे."

सांगायचं एवढंच. पाण्याचा रंग कुणी दाखवला तर विचारा, पाय न घालता काय रंग येतो. आकडा उतरला तर पाय पुसून पुन्हा मोजा. आणि यकृताची काळजी असेल तर डॉक्टरांकडे जा, त्यांना न विचारता गोळी सोडू नका. हे डोकं वापरायला कुठली दीक्षा लागत नाही.

दादाने माझ्या हातातून पेन घेतलं, कोऱ्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे साडेएकेचाळीस. वहिनीने पर्समधून गोळ्यांचं पाकीट आणि डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर काढून टेबलावर ठेवला. त्याने आधी फोन लावला.