न पुसलेली काच

कार्यशाळेतली माणसं तिला हवामानताई म्हणत. हिमनदीवरच्या तळावर दोन महिने काढून ती परतली, तेव्हा सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. तिथलं तिचं काम म्हटलं तर साधं होतं. बर्फात रोवलेल्या खांबावर दोन मापकं बसवलेली होती. एक आभाळाकडे तोंड करून येणारं ऊन मोजायचं, दुसरं खाली बघून बर्फावरून परत फिरणारं. वरच्या मापकाच्या काचेवर रात्रभरात हिम धरायचं. ते रोज सकाळी जाऊन पुसायचं आणि वहीत तशी नोंद करायची.

सलग नऊ दिवस ती गेलीच नव्हती. नोंद मात्र रोज केली होती.

संस्थेत आकडे तपासताना मोहिमेच्या प्रमुख मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पडतंय त्यापेक्षा जास्त ऊन बर्फ परत पाठवतोय? हे कसं शक्य आहे? वरची काच झाकलेली असेल तरच येणारं ऊन असं कमी भरतं. पुसत होतीस ना?"

"हो," ती बोलून गेली. जीभ कचरलीसुद्धा नाही.

"मग एखादा सांधा मधूनच सुटत असणार. तात्यांकडे पाठव."

तात्या म्हणजे कार्यशाळेतले जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला चार महिने उरले होते. मापकाची जोडणी त्यांनी स्वतः केली होती. त्यांनी ते उघडलं, एकेक तार तपासली, शीतपेटीत ठेवून पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. बारा दिवस झाले, दोष काही हाती लागेना.

तेराव्या दिवशी दुपारी ती कार्यशाळेत डोकावली. तात्या स्वतःचा पंजा डोळ्यांसमोर धरून बघत होते. तिला पाहताच त्यांनी हात खाली घेतला आणि लगबगीने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ताई. डोळे तपासून आलो परवा. ठणठणीत आहेत म्हणे. म्हणजे हातच गेले आता. तुम्ही एवढ्या थंडीत रोज तिथवर चालत जायचात, आणि माझ्या हातून ही असली गफलत! तुम्हाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती तशीच उठली, तोंडावर पाणी मारलं आणि थेट मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं ओकली.

मॅडमनी आकड्यांचे कागद बाजूला सारले. "नऊ दिवसांचे आकडे बाद करता येतील. पुढच्या मोहिमेत तू नाहीस. पण तात्यांना मी सांगणार नाही. ते तू सांगायचंस."

तात्यांनी पेचकस हातात धरूनच तिचं ऐकून घेतलं.

"वारा फार होता का?" त्यांनी हळूच विचारलं. पळवाट त्यांनीच पुढे केली होती.

"पहिल्या दिवशी होता. पुढचे आठ दिवस नुसता कंटाळा."

तात्यांनी पेचकस खाली ठेवला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "बायकोला सांगून बसलो हो, माझे हात कामातून गेले म्हणून. ती बिचारी मला कपसुद्धा अर्धाच भरून देते. सांडेल म्हणून."

"मी घरी येऊन सांगू का त्यांना?"

त्यांनी थोडा विचार केला. "या. तिलाही तुमच्याच तोंडून कळू दे."

संध्याकाळी तिने त्यांच्या दाराची घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंचा चेहरा एकदम खुलला. "हवामानताई ना? अहो, घरात तुमचं किती कौतुक चालतं! तिकडच्या थंडीत एकटी पोर कसं काम करते म्हणून."

ती आत गेलीच नाही. दाराबाहेर उभं राहूनच तिने सांगितलं. नऊ दिवस, वही, मॅडमला मारलेली थाप, काहीही गाळलं नाही. तात्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"म्हणजे यांच्या हातांना काही झालेलं नाही?" बाईंनी एवढंच विचारलं.

"नाही, काकू. काहीसुद्धा नाही."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि त्या आत वळल्या. दार उघडंच राहिलं. आत यावं की जावं, हे तिला कोणी सांगितलं नाही. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, मग दार अलगद ओढून घेऊन जिना उतरली.