ओरनचे पाय

टाईगने माझ्या ओरनचा घोटा मोडला तो थिएटरच्या मागच्या जिन्यात, आणि तोही नाचाच्याच बुटाने. त्या बुटाची टाच काय चीज असते ते एकदा स्वतःच्या पायावर घेऊन बघा. ओरन खाली पडल्यावरही त्याने लाथ घातली, पुन्हा घातली. हाड बाहेर आलं. मी धावत गेले तर माझं पोर कठड्याला धरून गुरासारखं ओरडत होतं, आणि टाईग शेजारी उभा, घामाने निथळत, हात अंगाला चिकटवून.

हा टाईग कुणी परका नव्हे, माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तसा तो एनिस गावी माझ्याकडेच वाढला. दोघांना स्वयंपाकघराच्या फरशीवर मीच नाच शिकवला. आमच्या नाचात पाय विजेसारखे आणि कमरेच्या वर माणूस दगड. हात जरा हलला की मी कोपरावर पळीचा दांडा हाणायचे. दोघांनाही सारखाच, भेदभाव कधी केला नाही.

आमची नाचाची कंपनी जपानला निघाली होती, तिथून अमेरिकेला. ओरन सगळ्यांच्या पुढे नाचायचा, टाईग मागच्या रांगेत. आता डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण नाच विसरा. आणि आमचे चिरंजीव पोलिसांना काय सांगतात? "जिन्यात घसरलो." घरातलं घरात राहावं म्हणे! कंपनीने टाईगला त्याच्या जागी उभं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, थांब मेल्या, तुला त्या जागेवरून भर सभेत खाली ओढते.

कसं, ते मला ठाऊक होतं. मोठ्या थिएटरात पायांचा जो कडकडाट ऐकून लोक वेडे होतात, तो आधीच रेकॉर्ड केलेला असतो. आमच्या कंपनीत वाद्यांचा आवाजही त्यातच, आणि पायांचा आवाज सगळा ओरनचा. म्हणजे पाय मोडणारा मोडलेल्याच्याच पायांवर टाळ्या घेणार!

लिमरिक शहरातल्या प्रयोगाला ओरनची चाकांची खुर्ची रंगमंचाच्या कडेला लावली आणि त्याचा बूट घेऊन मी मागे आवाजवाल्याकडे गेले.

"काकू, इथे यायचं नाही."

"सरक, नाहीतर हा तुझ्या टाळक्यात घालते."

तो सरकला नाही. त्याने माझा अंबाडा धरला, मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. मग बुटाने रेकॉर्ड वाजवणारं ते यंत्र ठेचलं, वायरी उपटल्या. सगळं थिएटर चिडीचूप झालं.

टाईगचा एकट्याचा नाच चालू होता, तो थबकला. आता फजिती, म्हटलं. पण त्याने नुसतं वर पाहिलं आणि पाय टाकला.

काय सांगू! नुसती लाकडी फळी आणि एकट्याचे पाय. एकेक ठोका मोत्यासारखा सुटा. लोक श्वास रोखून बसले, मग उभेच राहिले. मी ओरनच्या खुर्चीपाशी परत आले, तर त्याने तोंड झाकून घेतलेलं.

"आई," तो म्हणाला, "हा माझ्याहून चांगला आहे गं."

ते मलाही कळलं होतं, म्हणूनच डोकं फिरलं. मी तशीच रंगमंचावर चढले.

"मुडद्या! पायांत एवढं होतं, तर माझ्या लेकराचा पाय कशाला मोडलास?"

"एवढी वर्षं त्याच्याच आवाजावर नाचलो, आत्या," तो धापा टाकत म्हणाला. "माझे पाय कधी कुणी ऐकले? तू तरी ऐकलेस?"

मी बूट त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. पुन्हा हाणला. दात फळीवर पडला, पांढरा सदरा रक्ताने भिजला. तो मागे हटला नाही, की मार अडवायला हात वर केला नाही.

"हात वर कर ना रे!" मी किंचाळले. "कर म्हणते ना!"

मला चौघांनी धरून ओढलं, तरी तो तसाच उभा होता, कोपरं अंगाला लावून, मी शिकवलं होतं तसा.