पेपर चालू आहेत

लग्न ठरवताना मध्यस्थांनी माझ्या बाबांना सांगितलं, मुलगा सीए होतोय, एकच ग्रुप राहिलाय. यवतमाळात बसून बाबांना काय कळणार? त्यांना वाटलं, आता काय, हातातोंडाशी आलेला घास. पुण्यात आल्यावर मला कळलं की या शहरात गल्लोगल्ली एकच ग्रुप राहिलेले लोक आहेत. त्यांचे केस पिकतात, चष्मे बदलतात, ग्रुप आपला तिथेच असतो.

सुदर्शन हुशार नव्हता असं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल बाई नवऱ्याच्या नावाने खडे फोडायला बसलीय. सासरे, बापूराव, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मशीनवर होते. क्वार्टर्समधली याच्या वयाची पोरं कारखान्यात कधी चिकटतोय याची वाट बघत होती, आणि हा बी.कॉम.ला पहिला वर्ग काढून बुधवार पेठेत एका सीएंच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकलशिप करत होता. म्हणजे शिकाऊ उमेदवारी. त्यात बसचा पास निघायचा आणि आठवड्यातून एखादी मिसळ. बरोबरची मुलं बहुतेक सीएंचीच. त्यांना जेवताना बापाच्या तोंडून जे ऐकायला मिळायचं, ते हा पुस्तकात शोधत बसायचा. ती एकेक करून पास झाली आणि बापाच्या केबिनमध्ये जाऊन बसली. शेवटच्या परीक्षेचे दोन ग्रुप असतात, त्यातला पहिला यानेही काढला. दुसरा मात्र अडकला तो अडकलाच. हा त्याच सरांकडे पगारी माणूस म्हणून राहिला, आणि पगार असा की पगार म्हणायला जीभ रेटू नये.

मी काही हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. बुधवार पेठेतच एका माडीवर टॅलीचा क्लास लावला, मग तिथल्याच एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हिशेब लिहायला लागले. पुढे कल्याणीनगरला परदेशी कंपन्यांची बिलं तपासायची ऑफिसं निघाली, तिथे लागले. अमेरिकेतल्या कुठल्या तरी गोदामाची बिलं मी विश्रांतवाडीहून जाऊन तपासायची. गाडी घ्यायला यायची, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा असायचा. घर माझ्यावर चालत होतं, पण ते बोलायचं नाही. बोलायचं काय, तर आमचे हे सीए करतायत. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे आणि मनात सुदर्शन. आता मनातलंच सांगतेय तर सुदर्शनच म्हणते.

मूल हवं होतं. मला तर वेड्यासारखं हवं होतं. पण मेची परीक्षा झाल्यावर बघू. मे झाला की निकाल लागू दे. निकाल लागला की चार दिवस घरात सुतक, आणि मग नोव्हेंबरचा अभ्यास. एकदा मी म्हटलं, अहो, एक परीक्षा सोडा की, काय बिघडेल? तर त्याने मला एक्झेम्प्शन समजावून सांगितलं. एखाद्या विषयात साठ मार्क पडले की तो विषय पुढच्या तीन परीक्षांना माफ. कॉस्टिंगमध्ये त्याला तसे पडले होते. बाहेरच्याला वाटेल, वा, केवढी सवलत. अहो, सवलत कसली, फास आहे तो. माफी तीन वेळांपुरतीच, म्हणून एकही परीक्षा सोडायची नाही, आणि तीनदा आपटलात की तोच विषय पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी काहीतरी वाया जाणार असतं, म्हणून दर वेळी बसायचंच. यात आमची वर्षं गेली.

आणि पेपर चालू असले की घरात एक कायदा होता. सासूबाईंचा, विमलाबाईंचा. सुदर्शनला वाईट बातमी सांगायची नाही. फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचा, दारी कुणी आलं तर जिन्यातच बोलायचं. एका मेमध्ये बापूरावांचे सख्खे भाऊ, हिंमतराव गेले. बापूराव एकटेच पिशवी घेऊन निघाले, आणि सुदर्शनला सांगितलं, गावाकडे लग्न आहे. शेवटचा पेपर संपल्यावर त्याला काका गेल्याचं कळलं. नापास तो तरीही झाला. पण सासूबाईंचा कायदा काही बदलला नाही.

मग मला दिवस गेले. ठरवून नाही, गेले आपोआप. सुदर्शनचा चेहरा आधी पडला, मग त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, मार्चमध्ये म्हणजे ठीक आहे, नोव्हेंबर आणि मेच्या मधे बसतंय. मला हसू आलं. मी इतकी खूश होते की त्याने काहीही म्हटलं असतं तरी हसलेच असते. खालच्या मजल्यावरची जैनब रोज वर येऊन माझ्या पोटाला हात लावून जायची. तिचा नवरा फैझल रिक्षा चालवायचा, तो मला ऑफिसच्या गाडीपर्यंत सोडायचा आणि खड्डा आला की खड्ड्याला शिव्या द्यायचा.

नोव्हेंबर आला. कॉस्टिंगच्या माफीची ही शेवटची खेप. तीन पेपर द्यायचे होते, एक दिवसाआड. मला पाचवा महिना संपत आला होता. पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी उठले तीच ओटीपोटात कळ घेऊन. मोरीत गेले तर रक्त. फार नाही, पण होतं. मी सासूबाईंना खूण करून आत बोलावलं. त्या घाबरल्या, हे खरं आहे. त्यांनी मला झोपवलं, पायाखाली उशी दिली, आणि म्हणाल्या की तो एकदा बाहेर पडू दे, मग डॉक्टरकडे जाऊ. त्याने खोलीत डोकावून विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, ॲसिडिटी आहे, तुम्ही जा. दही खाऊन तो निघाला. पेपर दुपारचा होता, पण सेंटर लांब, बस मिळेल न मिळेल, म्हणून लवकर निघाला.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, आता थांबल्यासारखं वाटतंय ना? मलाही तसंच वाटलं. वाटून घेतलं. दवाखान्यात गेलो आणि ठेवून घेतलं तर संध्याकाळी त्याला काय सांगायचं, हाच प्रश्न आम्हा दोघींना मोठा वाटत होता. जेवणवेळ टळून गेल्यावर मी उठायला गेले आणि खालीच बसले. वर आलेल्या जैनबने मला पाहिलं आणि सासूबाईंना काहीही न विचारता फैझलला हाक मारली. रिक्षात तिने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिची ओढणी लाल झाली ती मी बघत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चिडल्या होत्या. म्हणाल्या, सकाळी का नाही आणलंत? मूल गेलंच होतं. ते मला तिथे पोचायच्या आधीच कळलं होतं, कसं ते विचारू नका. पण रक्त थांबेना. त्यांनी सांगितलं की अजून थोडा वेळ औषधं देऊन बघू, नाही थांबलं तर पिशवी काढावी लागेल, नवऱ्याला बोलावून घ्या. मागाहून पोचलेले बापूराव म्हणाले, त्याचा पेपर आहे. बाईंनी विचारलं, पेपर कधी सुटतो? पाचला सुटतो म्हटल्यावर म्हणाल्या, मग पाचनंतर बोलवा. बापूरावांनी कुणालाच पाठवलं नाही. अंधार पडायच्या सुमाराला सही बापूरावांनीच केली. नर्सने कागद धरून ठेवला होता.

शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई उशाशी होत्या. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? त्यांना सांगितलं का? त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, नाही गं बाई. तू मावशीकडे चिंचवडला गेलीयस असं सांगितलंय. मला बरं वाटलं. खरंच सांगते, बरं वाटलं.

शेवटचा पेपर झाल्यावर त्याला सांगितलं. तो आला तो माझ्या पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून रडला. म्हणाला, "मला कुणी कसं सांगितलं नाही? मी धावत आलो असतो." मीच त्याची समजूत काढली. टाके ओढत होते, तरी कुशीवर वळून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढचे दोन महिने मी त्या एका वाक्यावर काढले. मी धावत आलो असतो. मूल गेलं, आता कधीच होणार नव्हतं, छातीत दूध आलं ते पट्टा बांधून आटवलं. कामावर जाऊन पुन्हा तीच गोदामाची बिलं तपासायला लागले. सासूबाईंचा राग यायचा, स्वतःचा यायचा. सुदर्शनचा नाही. त्याला माहीतच नव्हतं. या घरात माझ्यासाठी धावत आला असता असा एक माणूस आहे, एवढंच मला उरलं होतं आणि मी ते धरून बसले होते.

जानेवारीत निकाल लागला. पास. बापूराव भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. क्वार्टर्समधले जुने लोक आले, सर बुधवारातून पेढे घेऊन आले, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीचं बघतो म्हणाले. संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई मधोमध बसून सांगत होत्या की पोराने किती सोसलं, आम्ही किती सोसलं, सुनेवर एवढा प्रसंग आला पण त्याला पत्तासुद्धा लागू दिला नाही. बायका माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. फैझल दारातच उभा होता, हातात हार. सासूबाईंचं ते ऐकलं आणि त्याने हार चपलांच्या कपाटावर ठेवला, हातातला पेढा त्याच्यावर ठेवला आणि खाली उतरून गेला.

मी त्याच्या मागोमाग जिना उतरले. म्हटलं, फैझलभाई, काय झालं? कुणी काही बोललं का? तो मान वर करेना. म्हणाला, भाभी, जाने दो, मी शब्द दिलाय. कुणाला शब्द दिलाय, असं मी विचारलं. जैनब आतून बाहेर आली. ती नवऱ्याला म्हणाली की तू सांगत नसशील तर मी सांगते, आणि तिने सांगितलं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकून फैझल दवाखान्यातून रिक्षा घेऊन सरळ सेंटरवर गेला होता. कुणी पाठवलं नव्हतं, आपल्या मनानेच. पाच वाजता पेपर सुटला तेव्हा तो फाटकात उभा होता. त्याने सुदर्शनला सगळं सांगितलं, मूल गेलं, भाभीचं ऑपरेशन करावं लागेल म्हणतायत, चला बसा. सुदर्शन रिक्षात बसला. थोडं अंतर गेल्यावर त्याने रिक्षा थांबवायला सांगितली, उतरला, आणि फैझलला म्हणाला की तू मला भेटलास हे कुणाला सांगू नकोस. मग बसने घरी गेला.

मी वर आले. तो आतल्या खोलीत शर्ट बदलत होता, पहिल्याच्या खिशाला गुलालाचे डाग पडले होते. मी दार लोटलं आणि म्हटलं, "फैझल सेंटरवर आला होता?"

नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. शपथेवर सांगते, ठेवला असता.

"विजू," तो म्हणाला, "दोनच पेपर राहिले होते गं."

मग तो बोलतच राहिला. मी येऊन काय करणार होतो, डॉक्टर होते, बाबा होते, मूल तर गेलंच होतं. आलो असतो तर पुढचे पेपर हातून गेले असते, कॉस्टिंग गेलं असतं, सगळं पहिल्यापासून. हे सगळं मी तुझ्यासाठीच केलं ना. आपल्यासाठी. तो खोटं बोलत नव्हता, त्याला ते खरंच तसं वाटत होतं. त्यानेच मला जास्त भीती वाटली. संध्याकाळी घरी जाऊन तो जेवला होता. आईला विचारलं होतं, विजू कुठे गेली, आणि चिंचवडला म्हटल्यावर बरं म्हणाला होता. मी टेबलावर पडले होते आणि तो टॅक्सच्या पुस्तकात खुणा करत होता.

मी सकाळी कळा दाबून झोपून राहिले ती त्याच्यासाठी. मी त्याला जा म्हटलं तेही त्याच्यासाठीच. माझ्यासाठी कुणी काय केलं, ते मला आता विचारायचंही नव्हतं.

"अभिनंदन," मी म्हटलं.

तो पुढे आला, माझा हात धरायला. मी हात मागे घेतला. बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, अरे सुदर्शन, फोन आहे, तुझ्या आर्टिकलशिपच्या वेळचा मित्र आहे, ये लवकर. त्याने डोळे पुसले, शर्टाची बटणं लावली आणि गेला. मी खोलीतच उभी होते. दार तो उघडंच टाकून गेला होता, त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"हो ना, यार," तो हसत सांगत होता, "सुटलो बाबा एकदाचा."