भुवईवरचा खळगा

ग्रासिएला घराच्या किल्लीने कबुतरांची शीट खरवडत होती. भिंतीतल्या, शवपेटी ठेवायच्या त्या कोनाड्याची संगमरवरी पाटी इतकी माखली होती की नाव वाचायची सोय नव्हती. एका हाताने नाकाला रुमाल लावून, मान मागे ओढून ती खरवडत होती आणि पांढरी पूड तिच्या काळ्या कोटाच्या बाहीवर पडत होती. शेवटी अक्षरं निघाली. नाव कुणा लोपेसच्या तान्ह्या मुलीचं होतं. ग्रासिएलाने किल्लीकडे पाहिलं. याच किल्लीने संध्याकाळी घराचं दार उघडायचं होतं. पर्समधली स्पिरिटची बाटली काढून तिने किल्ली पुसली, मग हात पुसले, मग पुन्हा किल्ली पुसली.

जन्मभर तिने औषधांचं दुकान चालवलं होतं. ला पास शहरातल्या या जुन्या दफनभूमीत ती वर्षानुवर्षं फिरकली नव्हती, आणि आजही आली नसती. पण आईने अंथरूण धरल्यापासून एकच घोशा लावला होता. मला माझ्या बाबांशेजारी ठेव. ते जिथे, तिथे मी. शब्द दे. ग्रासिएलाने शब्द दिला होता, आणि देताना तिला काही जड गेलं नव्हतं. तिचे आजोबा, न्यायाधीश तेओदोसिओ लोआइसा, जुन्या भिंतीत वरून दुसऱ्या ओळीत होते. पाटीवर नाव होतं, नावाखाली तराजू होता, तराजूखाली ‘अखंड विश्रांती’ असं कोरलेलं होतं. शेजारी एक पेटी बसेल एवढी जागा असणारच, असं सगळं घर धरून चालत होतं.

आता त्या जागी नवा गिलावा होता, प्लास्टिकची फुलं होती आणि एका फुटबॉल क्लबचा झेंडा होता. आपली ओळ चुकली असेल म्हणून तिने आजूबाजूचे कोनाडे खरवडून पाहिले होते. ओळ चुकली नव्हती.

दफनभूमीच्या कचेरीतला माणूस साल्तेन्या खात होता. त्या करंजीतला रस्सा त्याच्या मनगटावरून ओघळत होता, आणि तो बोट चाटून तेच पुन्हा रजिस्टरवर फिरवत होता. तो कोनाडा कधीच रिकामा केलाय, असं त्याने चावता चावता सांगितलं. मुदत वाढवायला कुणी आलं नाही. ग्रासिएला म्हणाली की तो कायमचा होता, पाटीवरच तसं कोरलेलं होतं. पाटीवर लोक काय वाटेल ते कोरतात, तो म्हणाला. फेर्मिनमामा सगळं बघतो, असं घरचे म्हणायचे. आणि फेर्मिनमामा म्हणायचा, आपण लोआइसा, आपल्याला इथून हलवायची कुणाची छाती आहे. छातीबितीची गरजच पडली नव्हती. एक पहार पुरली होती.

“मग हाडं कुठे आहेत?” तिने विचारलं.

“सामायिक खड्ड्यात, बाईसाहेब. नाहीतर कुणीतरी घरी नेली असतील.” त्याने खिडकीबाहेर मान उडवली. “आज आठ तारीख. सगळे नटून थटून आलेत बाहेर. बघा, ओळखीचं कुणी भेटतंय का.”

तो हसला नाही, म्हणून ती आणखीच चिडली.

बाहेर चॅपेलसमोरच्या आवारात नकट्यांचा सण भरात आला होता. नकट्या म्हणजे कवट्या. नाक नाही म्हणून लाडाने नकटी, नकटोबा. बाजारातल्या बायका त्या वर्षभर घरात ठेवतात, त्यांना दिवा लावतात, त्यांच्याकडे नवस बोलतात आणि नोव्हेंबरच्या आठ तारखेला पेटीत घालून पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घ्यायला आणतात. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे नकट्यांच्या वरातीला एकाही विघ्नाची हिंमत झाली नव्हती. ब्रास बँड वाजत होता. फुलांचे मुकुट घातलेल्या, काळे चष्मे लावलेल्या, दातांत सिगारेट धरलेल्या कवट्या बुटांच्या खोक्यांत, काचेच्या पेट्यांत, उशांवर बसल्या होत्या. डोळ्यांच्या खाचांत कापूस कोंबला होता. राख दातांवर पडत होती. एक पोर बर्फाचा गोळा चोखत होतं आणि मधूनच तो शेजारच्या कवटीच्या तोंडाला लावत होतं, आणि त्याची आई कौतुकाने बघत होती. तळणीचं तेल, फुलांचं कुजकं पाणी, बिअर आणि धूर यांचा मिळून एक वास सगळ्या आवारावर बसला होता. ग्रासिएलाने रुमाल नाकाशी घट्ट धरला. देवाघरच्या माणसांचा हा तमाशा तिला लहानपणापासून ओंगळ वाटायचा, पण तेव्हा तो निदान दुसऱ्यांच्या माणसांचा होता.

ती निघूनच जाणार होती. पण शब्द दिला होता. शिवाय एक खूण होती. आजोबांना तरुणपणी खेचराने लाथ मारली होती आणि भुवईवर हाडात खळगा पडला होता. आई लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून त्या खळग्यात बोट घालायची. ही गोष्ट ग्रासिएलाने हजारदा ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी आई स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट टेकवून दाखवायची. “इथे. माझं बोट बरोब्बर मावायचं.”

म्हणून ती ओळीओळीने कपाळं बघत चालली. रुमाल नाकाला, दुसरा हात कोटाच्या खिशात. बायका तिला बघून सरकून जागा देत होत्या, आणि तेही तिला नको होतं.

भिंतीच्या कडेला एक धिप्पाड बाई घेरदार घागरा पसरून बसली होती. डोक्यावर गोल हॅट, पुढ्यात काच लावलेली लाकडी पेटी. पेटीतल्या कवटीला विणलेली लाल टोपी भुवयांपर्यंत ओढून घातली होती. बाई पेटीत वाकली, कवटीच्या दातांचा मुका घेतला आणि त्याच ओठांनी ग्रासिएलाकडे बघून हसली.

“या बाईसाहेब, नवस बोलायचाय? आमचा पांचितो कुणाला नाही म्हणत नाही.”

ग्रासिएलाने कोरडेपणाने विचारलं, “ही तुला कुठे मिळाली?”

बाईचं नाव कासिल्दा. ती रोद्रिगेसच्या बाजारात वाळवलेले बटाटे विकायची. तिला सांगायला काहीच संकोच नव्हता. तिचा मामा इथेच खणायच्या कामावर होता. एकदा जुन्या भिंतीतले कोनाडे रिकामे करत होते तेव्हा हा गडगडत त्याच्या पायाशी आला आणि थांबला. बाकीची हाडं गेली खड्ड्यात, पण याला टाकायला मामाचा हात होईना. तेव्हापासून हा घरात. चोरांना हाकलतो, पोरांना परीक्षेत पास करतो, दारू प्यायलेल्या जावयाला उंबऱ्यातच आडवा पाडतो. दर सोमवारी, मेलेल्यांच्या वारी, त्याला मेणबत्ती, चघळायला कोकाची पानं, एक सिगारेट. एक सोमवार चुकलेला नाही, कासिल्दा म्हणाली, बाळंतपणातसुद्धा नाही.

“पांचितो नाव कुणी ठेवलं?”

“त्यानंच सांगितलं की. स्वप्नात येऊन. दाराबाहेर उभा होता, हॅट हातात धरून. मी म्हटलं, या, बसा. तेव्हा कुठे आत आला.”

न्यायाधीश लोआइसांच्या घरी बटाटेवाल्या बायका अंगणातच उभ्या राहायच्या. पावसातसुद्धा. हॅट तर न्यायाधीशांनी बिशपसमोरही मनापासून काढली नसेल. ग्रासिएलाला बरं वाटलं. हे ते नसणार.

“टोपी काढून दाखव.”

“तुम्हीच काढा. माझे हात तेलकट आहेत.”

ग्रासिएलाने दोन बोटांच्या चिमटीत लोकर धरली. लोकर ओलसर होती, कितीतरी वर्षांच्या धुराने चिकट झालेली. टोपी वर सरकली. कपाळ पिवळट, हातांनी कुरवाळून गुळगुळीत झालेलं होतं. उजव्या भुवईच्या वर हाड आत दबलेलं होतं. बोट मावेल एवढं.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. क्षणभर तिला बँड ऐकू आला नाही. मग तिने स्वतःच्या कपाळाकडे हात नेला, आई न्यायची तसा. डाव्या भुवईकडे. पुन्हा पेटीत पाहिलं. उजवी. शंकाच नव्हती, कवटीची उजवी. आई कायम डावी सांगत आली होती.

“नाही,” ती म्हणाली. इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. “हे आमचे नव्हेत.”

“नसू देत,” कासिल्दा शांतपणे म्हणाली. “आमचे आहेत. पण टोपी काढलीत त्याची, आता एक सिगारेट तरी लावून द्या. रिकाम्या हाती कपाळ बघू नये.”

वाद नको म्हणून ग्रासिएलाने सिगारेट पेटवली आणि दातांच्या फटीत खोचली. बोटाला दात लागला. फाटकाबाहेर येईपर्यंत तिने बाटलीतलं उरलेलं सगळं स्पिरिट हातांवर ओतलं होतं. सामायिक खड्डा तर सामायिक खड्डा. आईला सांगू, सगळं जागच्या जागी आहे, पाटी पुसून आले. म्हातारीला आता दिसतंय कुठे. आणि पुढे वेळ आली की दुसरा चांगला कोनाडा घेऊ, स्वच्छ, वरच्या ओळीत. उतारावरून खाली जाताना तिला भूकसुद्धा लागली.

घरी आल्यावर तिने अंघोळ केली, कोट बादलीत भिजवला आणि मग आईच्या खोलीत गेली. आई आदेला उशांना टेकून बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, पण कान आणि नाक शाबूत होतं. ग्रासिएला कंगवा घेऊन तिच्या समोर पलंगावर बसली. म्हातारीला मागून विंचरता यायचं नाही, मान धरवत नसे.

“भेटले?” आईने विचारलं.

“भेटले. सगळं छान आहे. पाटी पुसली मी.”

“हातांना स्पिरिटचा वास येतोय. अंघोळीनंतरही येतोय.” आईने पुन्हा वास घेतला. “पाटी पुसून एवढं कुणी हात धुतं का, ग्रासी? खोटं बोलायला फेर्मिनकडून शिकलीस, पण त्याच्याएवढं जमत नाही तुला.”

मग ग्रासिएलाचा तोल गेला. दिवसभराची सगळी किळस तिच्या तोंडून बाहेर आली. कोनाडा गेला, फेर्मिनमामाने घालवला तो, हाडं कुठे टाकली त्याचा पत्ता नाही. आणि ते आवार, ती माणसं, डोळ्यांत कापूस, दातांत सिगारेट, मुके काय घेतात, शी. एकीने तर तिला त्या घाणेरड्या टोपीला हात लावायला लावला. पांचितो म्हणे. दर सोमवारी त्याला मेणबत्ती लावते म्हणे. स्वप्नात हॅट हातात घेऊन दाराबाहेर उभा होता म्हणे, आणि हिने या, बसा म्हटलं म्हणे. आणि नशीब बघ, त्यालाही भुवईवर खळगा. तिचा तर जीवच गेला होता.

“पण उजवीकडे होता,” ती म्हणाली. “देवानेच वाचवलं.”

आईने डोळे मिटले. ग्रासिएलाला वाटलं, तिला बाबांचं वाईट वाटलं असेल. ती कानामागचे केस विंचरू लागली. तेवढ्यात आईने डावा हात सरळ पुढे केला. हाडकुळं बोट हवेत जरा चाचपडलं, मग ग्रासिएलाच्या कपाळावर टेकलं.

“इथे,” आई म्हणाली. “मी त्यांच्या मांडीवर अशी बसायची. समोर तोंड करून.”

बोट ग्रासिएलाच्या उजव्या भुवईवर होतं.

तिने कंगवा खाली ठेवला. इतकी वर्षं आईने स्वतःच्या डाव्या भुवईवर दाखवलं होतं, आरशात दाखवावं तसं, कारण मांडीवरच्या पोरीला तो खळगा तिच्या डाव्या हातालाच दिसत असे. ते बोट गार होतं आणि बराच वेळ तिथून हललं नाही. ग्रासिएलाला बोटाला लागलेला तो दात आठवला. आता घरात स्पिरिटही उरलं नव्हतं.

“सोमवारी मेणबत्ती लावते, म्हणालीस?”

“दर सोमवारी.” ग्रासिएला म्हणाली. “आई, मी त्यांना सोडवून आणते. पोलिसांत जाते. काहीही करते.”

“कशाला? त्या कोनाड्यात त्यांच्याकडे कोण जात होतं? फेर्मिन? तू?” आईने बोट काढून घेतलं आणि हात पांघरुणावर ठेवला. “हॅट हातात धरून उभे होते, नाही का? आणि तिने या, बसा म्हटलं.”

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

“शब्द दिलायस तू मला. ते जिथे, तिथे मी. त्या बाईंना जाऊन सांग, पेटी जरा ऐसपैस करून घ्या म्हणावं.”

केस अर्धे विंचरायचे राहिले होते, म्हणून ग्रासिएलाने कंगवा पुन्हा उचलला. आईचे केस आता इतके विरळ होते की कंगव्याच्या दातांखाली डोक्याचं हाड लागत होतं, त्याचा चढ, त्याचा उतार, कानामागचा उंचवटा. तिने हात हलका केला आणि मधोमध भांग पाडला.