तिसरी आलेली मार्था

भुईगावच्या चर्च हॉलमध्ये मोबाइल गेमची स्पर्धा होती. नाव देणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेली एकटी मार्थाच. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात, प्रेस मशीनवर, तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. जखम भरेपर्यंत घरी बसावं लागलं, तेव्हा ती हा गेम शिकली.

पाण्यावर तरंगणारा एक गोल चौथरा. त्यावर वीस जण उतरायचे आणि एकमेकांना ढकलून पाण्यात पाडायचं. चौथऱ्याच्या कडा तुटत जायच्या, जागा कमी होत जायची. शेवटी उरेल तो जिंकला.

मार्थाला पटापट फटके मारता येत नसत. म्हणून ती जागा सांभाळून खेळायची. कडेला पाठ करून उभी राहायची नाही. दोघं भिडले की लांब सरकायची. कुठली कड आता तुटणार हे ओळखून आधीच आत यायची. पहिल्या दोन फेऱ्या तिने एकालाही न पाडता काढल्या. आंटी नुसती पळते, असं मागून कोणीतरी म्हणालं. तिने मान वर केली नाही.

शेवटच्या फेरीत चौघं उरले तेव्हा गेल्या वर्षीचा विजेता निकोलस तिच्या अंगावर आला. तो अगदी जवळ येईपर्यंत ती हलली नाही, मग बाजूला झाली. तो आपल्याच वेगाने पाण्यात गेला. त्यानंतर मात्र उरलेल्या दोघांनी मिळून तिला कडेला गाठलं आणि पाडलं.

बक्षिसं देताना स्पर्धा भरवणाऱ्या युजीनने तिसऱ्या नंबरला निकोलसचं नाव घेतलं. मार्थाला वेगळा जिद्द पुरस्कार होता, शाल आणि फुलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मार्था पुढे गेली, पण शाल घेतली नाही.

"निकोलस माझ्याआधी पडला ना?"

"हो आंटी. पण हा त्याहून मोठा मान आहे," युजीन म्हणाला.

"हा माझ्या हाताचा मान झाला. मी खेळायला आले होते. तिसरी आलेय, तर तिसऱ्याचा कप दे."

युजीन गोंधळला. निकोलसचे कान लाल झाले होते. त्याने हातातला कप तिच्या पुढ्यात ठेवला.

"आता माईकवर सांग," मार्था युजीनला म्हणाली.

युजीनने सांगितलं, "मार्था तुस्कानो, तिसरा नंबर."

टाळ्या मघापेक्षा बऱ्याच कमी पडल्या. मार्थाला तेवढ्या पुरल्या.